प्रश्नचिन्हाच्या मागचं

लहानपणी घरी आली
की माय तोंड नाही पाहायची माझं,
परकराचा घेर पाहायची.
गोखरू असलं तर भोयराच्या पडीक वावरातून आली.
कुसळं असली तर पाठीत एक धपाटा,
काहून का कुसळं फक्त तळ्याच्या पाळीवर,
अन् तळ्यावर पोरं पोहत.
मी अन् केवळा गोठ्यामागे बसून
एकमेकीचे कपडे वेचायचो.
एखादं राहूनच जायचं.
मी कधी काही बोलली नाही घरी.
परकरच बोलायचा.

हे मले आठवलं औंदा, कार्तिकात,
पंचफुलाचा नवरा सकाळी सातले
दारात मोबाईल पुढं करून उभा राहिला तेव्हा.
"माह्या घरच्या बाईले काय शिकवून राह्यली तू?"

आशा आहे मी गावची. बारा वर्षं झाली.
वजनकाटा, लोहाच्या गोळ्या, रात्री-बेरात्री बाळंतिणीची गाडी.
पंचफुला हातपंपावर बोलली होती, हंड्याच्या आवाजाआड,
अंगावरून पांढरं जाते, वास येते, कोणाले सांगू?
मी तिले एका डॉक्टरीणबाईचा व्हिडिओ पाठवला,
चार मिनिटांचा, आपल्या बोलीतला.
तिनं तो बहिणीले पाठवला.
बहिणीचा मोबाईल राहते तिच्या नवऱ्याच्या खिशात.
त्यानं उघडला, अन् वरच्या अंगाले, बारीक अक्षरात,
माझं नाव. माझा फोटो,
तालुक्याच्या सभेतला, हसरा.
साडूनं साडूले फोन लावला.

रविवारी आम्रपाली आली अमरावतीहून.
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाले आहे पोरगी.
म्हणे, माय, दाखव ती लिंक.
दाखवली. पत्ता अर्ध्या ओळीचा,
मग प्रश्नचिन्ह,
मग अडीच ओळी आकडे, अक्षरं, टक्क्याच्या खुणा,
जसं कोणी उलट्या हातानं सही केली.
"हा इथपर्यंत व्हिडिओ," तिनं नख टेकवलं,
"अन् प्रश्नचिन्हाच्या मागची तू."

मग तिनं ब्राउझरमध्ये बोट दाबून धरलं.
यादी उघडली, त्यात खाली कुठंतरी लिहिलेलं,
ट्रॅकिंगविना लिंक कॉपी करा.
काही आवाज झाला नाही.
लिंक आखूड झाली, बस.
"सगळंच निघते असं नाही," ती म्हणे,
"एखादं चिकटून राहते. पाठवायच्या आधी डोळ्यानं पाहत जा."
मी हसली. तिले वाटलं, मले समजलं नाही.

पण खोटं कशाले बोलू,
पहिल्यांदा तशी लिंक पाठवताना बोट थांबलं.
माझ्या नावावर बाया गोळी गिळतात या गावात.
शिर्क्याच्या सुनेनं तर मी म्हटलं म्हणून
पोराले सुई टोचू देली.
नाव झटकून टाकलं
तर उरते काय, अर्ध्या ओळीचा पत्ता?
कोण उघडणार?
तरी पाठवली. बिननावाची.
आता सगळ्याच तशा पाठवते,
कावीळ असो का कुत्र्याचा चावा.

पंचफुलाले मात्र पुन्हा काही पाठवलं नाही.
ती हातपंपावर माझ्या वेळेले येत नव्हती.
मी दिसली की हंडा अर्धाच उचलून चालू लागे.

परवाच्या बाजारात वांग्याच्या ढिगाशी
ती माझ्या पुढं उभी, पाठमोरी,
अन् तिच्या लुगड्याच्या काठाले आघाडा,
एका ओळीत, घोट्यापासून पोटरीपर्यंत.
एवढा आघाडा आमच्याकडे एकाच जागी आहे,
उपकेंद्राच्या मागच्या दारापाशी.
पुढच्या दारानं जाणाऱ्या बाईले तो लागत नाही.

शेजारी तिची सासू भाव करत होती.
मी पिशवी खाली ठेवायले वाकली
अन् वेचला.
एक, दोन, पाच, जेवढा हाती आला तेवढा.
पंचफुला हलली नाही. वळलीही नाही.
फक्त पाय थोडा मागं सरकवला,
राहिलेले माझ्या हातापाशी यावेत म्हणून.