हुंकार

वसमतच्या अलीकडं, हळदीच्या रानात
आमची विहीर. खोल अठ्ठावीस हात, पाणी दीड पुरुष.
फुटबॉलात पाला अडकला की मोटर नुसती गुरगुरते
आणि मुनाफ मिस्त्रीला फोन लावावा लागतो.

यंदा म्हटलं, आपणच उतरू.
चाळिशीचा बाप्या मी, कॅन न बांधता पोहतो,
पण बुडी म्हटली की नाक चिमटीत
आणि एका हातानं पाला काही निघत नाही.

मुनाफ पायरीवर तंबाखू मळत बसलेला.
"कामून धरलंय ते? पळून चाललंय का कुठं?"
"पाणी जातंय नाकात."
"तुम्ही वाट रिकामी ठेवता म्हणून जातंय.
लहानपणी आजा गोष्ट सांगायचा, तवा काय करायचे?"
"हुं म्हणायचो."
"मग तेच. तोंड मिटून.
पाणी सांगतंय, तुम्ही हुं म्हणा.
हुं थांबलं, की ते आत आलं."

पहिलं हुं फारच मोठं गेलं, छातीतलं सगळं एकदम.
दुसऱ्याला मध्येच हसू फुटलं,
थेट मेंदूपर्यंत मिरची.
तिसऱ्याला मुनाफचं लक्षच नव्हतं,
चुन्याची डबी शोधत होता.

खाली हिरवं. मग काळपट.
माझाच आवाज, कवटीच्या आतून,
आणि बुडबुडे कपाळाला गुदगुल्या करत वर.
दोन्ही हात समोर आले
तेव्हा कळलं, दोन आहेत.

पाला निघाला. गाळातून एक तांब्याही निघाला,
ज्याच्यापायी गोरोबाला मी
नाही नाही ते बोललो होतो.

वर आलो.
"बाहेर या, मोटर लावतो. लावू ना?"
मी अजून हुं म्हणत होतो.