पाणी कोमट आहे ना

सहा डिसेंबर. दुपारी तीनलाच काळोख.
लेह्तोवाराच्या चर्चमागे गुडघाभर बर्फ,
आणि आम्ही मेणबत्त्या घेऊन निघालोय,
रांगेत नाही, ज्याची गाडी जशी लागेल तसे.

सैनिकांचे दगड सगळे एका मापाचे.
नाव, हुद्दा, दोन तारखा.
तारखांमधलं अंतर माझ्या थोरल्याच्या वयाएवढं:
एकोणीस. एकवीस. पुन्हा एकोणीस.
आजोबांचा भाऊ विल्हो इथे आहे.
आजोबा पलीकडे, घरच्यांत. ते परत आले होते,
एक कान तिकडेच ठेवून,
आणि मग चौतीस वर्षं जंगलात लाकूड तोडलं.
त्यांच्या दगडावर पितळी बिल्ला आहे, संघटनेनं बसवलेला.

शेजारी हिल्क्काआजी.
तिच्या नावाखाली एकच शब्द: घरधनीण.

ती अठराची होती. करडा झगा, पांढरी कॉलर,
छातीवर निळं पदक. लोत्ता म्हणत अशा पोरींना.
कुणी तोफखान्याला जेवण रांधलं,
कुणी मनोऱ्यावर उभं राहून विमानं मोजली.
हिला आघाडीमागच्या एका शाळेत पाठवलं.

शाळेत बाकं भिंतीला लावलेली.
मुलं घसरगाड्यांवरून यायची,
गोठली त्याच आकारात.
एकाचा हात वर होता,
उत्तर येत असल्यासारखा.

आधी त्यांना वितळू द्यायचं. भट्टी रात्रंदिवस.
मग खिसे: पेन्सिल, अर्धा साखरेचा खडा,
न टाकलेलं पत्र. सगळं वहीत लिहायचं.
मग धुवायचं. मग भांग.
मग पेटी, आणि ज्याच्या त्याच्या गावी.

लाकूड कमी पडायला लागलं तेव्हा साहेब म्हणाला,
पाणी कशाला तापवता? मेलेल्याला काय कळतं?
आजी म्हणाली, त्यांच्या आयांना कळेल.

युद्ध संपलं. तहात लोत्तांची संघटनाच बरखास्त झाली.
झगा तिनं चुलीत घातला,
पदक कॉफीच्या डब्यात, तळाशी.
काही वर्षं तो शब्द लोक शिवीसारखा वापरत.
ती गप्प राहिली. गाई होत्या, पाच पोरं होती.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं.
मला फक्त तिचं कोपर माहीत होतं:
शनिवारी सौनात, बादलीत बुडवलेलं,
आणि ठरलेला प्रश्न, पाणी कोमट आहे ना?
माझं उत्तर येईपर्यंत
ती एक थेंबही ओतत नसे.

मी एकोणीसची असताना एक बाई आली, लेम्पी नावाची,
दोन बस बदलून.
दारातच म्हणाली, त्या शाळेत तुम्ही होतात का?
माझ्या भावाचा भांग डावीकडून पाडला होता.
आई मरेपर्यंत विचारायची,
कुणाला कसं ठाऊक होतं?

आजी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
म्हणाली, टोपीखाली वळण शिल्लक असायचं.
म्हणाली, कॉफी घ्या, निवेल.
त्यानंतर दोघी बटाट्यांवरच बोलल्या.

एक्याण्णवाव्या वर्षी ती गेली.
परिचारिका म्हणाली, आम्ही करतो सगळं.
मी म्हटलं, मला एक घमेलं द्या.
बाही वर केली, कोपर बुडवलं.
विचारलंही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं,
तरी थोडी थांबले.

आज सैनिकांच्या मेणबत्त्या चर्चनं मोजून दिल्यात.
हिची आम्ही घरून आणलीय.
आर्त्तू अकरा वर्षांचा. काडी दोनदा विझली त्याची.
आता तो दगडावरचा बर्फ बुटानं ढकलतोय.

बुटानं नको, मी म्हणते.
मोजा काढ.
हातानं.

गार लागतंय, तो म्हणतो.
हो, मी म्हणते. माहितीय.