बाजू दुसरी, तिसऱ्या गाण्याआधी

एमरिस बेब दुकानात आला की आधी टोपी काढतो,
मग चष्मा बदलतो,
आणि तबकडी दिव्याखाली तिरकी धरून
गाणी जिथं संपतात तिथली कोरी पट्टी वाचतो.
चौतीस वर्षं टपाल वाटलं त्यानं ट्रेगॅरनच्या डोंगरांत;
पुसट अक्षराला तो घाबरत नाही.

‘बी-वन’ असं हातानं खरडलेलं हवं.
‘बी-टू’ असेल तर चष्मा परत खिशात,
‘नको, ग्लेनिस,’
आणि समुद्रावरच्या वाऱ्याबद्दल दोन शब्द.

ड्रोव्हर्स लॅम्पची पहिली तबकडी.
एकोणीसशे सत्तर, पाचशे प्रती.
गडद हिरवं लेबल, खरबरीत पुठ्ठ्याचं वेष्टन,
कण्यावर नावातला एक ‘र’ गळालेला.
पाच पोरं, एक फिडल, एक उसना अँप्लिफायर,
बंद पडलेल्या चॅपेलात चार दिवस मुक्काम,
गुरं हाकत लंडनपर्यंत पायी जाणाऱ्यांची जुनी गाणी
विजेच्या गिटारवर.
तेव्हा फारशी कुणी घेतली नाही.
आता एका बऱ्या प्रतीत माझं तीन महिन्यांचं भाडं निघतं.

म्हणून मला वाटायचं, हा साठेबाज.
गोड बोलून उचलणार,
पुढं कुणा परदेशी गिऱ्हाइकाला दामदुपटीनं विकणार.
सहावी प्रत मी त्याला मुद्दाम चढ्या भावानं लावली.
त्यानं घासाघीस केली नाही.
पत्रं मोजावीत तशा नोटा मोजल्या
आणि म्हणाला, ‘लावतेस?
दुसरी बाजू. तिसऱ्या गाण्याआधी.’

सुई उतरली. दुसरं गाणं विरलं.
मग खरखर,
मग एक दार कुरकुरलं
आणि लांबून एका बाईचा आवाज:
‘ते, बॉइस!’
चहा झाला, पोरांनो.
कप कशावर तरी आपटला. कुणीतरी हसलं. फिडल सुरू.

‘आई,’ एमरिस म्हणाला.
टोपी घातली, गेला.

पुढचं तुकड्यातुकड्यानं कळलं.
चॅपेलची किल्ली तिच्याकडे असायची.
त्याच हिवाळ्यात ती गेली; हा नऊ वर्षांचा.
फोटो दोन, दोन्हींत तिनं तोंड फिरवलेलं.
दुसऱ्या खेपेला कंपनीतल्या कुणा नीटनेटक्या माणसानं
ते चार सेकंद कापून टाकले.
आणि सुई शेवटी सुईच,
दर ऐकण्याला थोडं खरवडून नेते.
म्हणून एक प्रत वाजवायची, वर्षातून एकदा,
बाकीच्या कपाटात उभ्या,
धान्य राखावं तशा.

मार्चमध्ये हेफिन ट्रहर्न आला, फिडलवाला,
आता काठी टेकत, बोटं वाकडी.
मी सहज विचारलं.
‘ती? ती पबातली ओल्वेन.
किल्लीवाली बाई कुठली चहा देतेय!
आमच्या गोंगाटाला शिव्या घालायची.’
दारापर्यंत जाऊन थबकला.
‘किंवा असेल तीच. पन्नास वर्षं झाली, बाई.’

सात महिने मी हे पोटात ठेवलं.

मग लँपिटरच्या एका रिकाम्या केलेल्या घरातून खोकं आलं,
भजनांच्या तबकड्यांत मधेच हिरवं लेबल.
बी-वन. एक कोपरा उंदरानं कुरतडलेला.
फोन केला. तो पुढच्याच बसनं आला,
टोपी काढली,
आणि माझ्यानं राहवलं नाही, सांगून टाकलं.

तो चष्मा बदलत होता.
‘हेफिनला मी विचारलंय,’ म्हणाला, ‘शहाऐंशी साली.
पहिली प्रत घेण्याआधी.’

मला बोलायला काही सुचेना.
तबकडी तिरकी झाली, दिवा तिच्यावरून घरंगळला.
‘किती?’

मी आकडा सांगितला. वेष्टनावर चहाच्या कपाचा
तपकिरी गोल उमटला होता,
त्याचे पाच पौंड वजा केले.

‘त्याचे नको कमी करूस,’ एमरिस म्हणाला.