स्मरणिकेसाठी मजकूर

अध्यक्ष म्हणाले, इतिहास दोन पानांत बसवा,
मधे जाहिराती यायच्यात,
बोडके हार्डवेअर आणि एक दातांचा दवाखाना.
तर थोडक्यात.

स्थापना बेचाळीस की त्रेचाळीस, नक्की नाही.
पहिल्या वहीची चार पानं वाळवीनं खाल्ली.
तिनं पक्षपात केला नाही :
वर्गणीही खाल्ली, थकबाकीही.
उरल्या कागदावर कचरू गांगुर्डे यांच्या अक्षरात एवढंच,
"देवळालीच्या छावणीतला इटालियन कैदी
शिपायाच्या पहाऱ्यात बूट शिवून घेण्यास आला,
चेंडू शिवून गेला.
त्याच्या गावी क्लब आहे. कधी जिंकलेला नाही.
गावाचे नाव"
आणि मग भोक.
भोकाच्या पलीकडे एकच अक्षर :
ना.

पुढे कुणीतरी शाळेचा नकाशा आणला.
त्या बुटाच्या आकाराच्या देशात
ना-वर संपणारी गावं
टाचेपासून घोट्यापर्यंत निघाली.
नकाशा परत करायचा राहिला. तो अजून कपाटात आहे.

त्या काळी सात जण नोटांच्या प्रेसमधले.
दिवसभर लाखांच्या थप्प्या मोजायच्या,
सुटताना गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे,
आणि सायकली हाणत तपोवनाकडे येऊन
नव्या ब्लॅडरसाठी चार-चार आणे जमवायचे.
बंडू निरभवणेच्या नखांत शाई असे.
तो गोलखांबाला धरून उभा राहिला
की चुन्यावर बोटं उमटत.
आमचं चलन काय ते तेवढंच.

एकोणसत्तरच्या पुरात खांब गेले.
एक सापडला सायखेड्याला,
एका बाईनं त्यावर दोडक्याचा वेल चढवला होता.
फुलं आलेली. मागणार कसं?
दोडके संपेपर्यंत थांबलो.
तो मोसम विटा मांडून खेळलो.

दर बारा वर्षांनी मैदान साधूंकडे जातं,
त्याबद्दल तक्रार नाही.
ऐंशीच्या कुंभात एक जटाधारी बाबा
चिमटा रेषेबाहेर ठेवून डाव्या बगलेला खेळले.
चांगले खेळले.
ऑफसाइड मात्र त्यांनी शेवटपर्यंत मानला नाही.

अंतिम सामना : एक. मनमाडच्या रेल्वेवाल्यांशी.
पेनल्टी युसूफ कोकणीकडे होती.
चेंडू बारवरून द्राक्षबागेत गेला
आणि शोधायला गेलेली पोरं
तोंड पुसत, उशिरा परतली.
युसूफचं आता द्वारकेला सायकलचं दुकान आहे.
दारावर पाटी : चेंडूची हवा फुकट.
का, ते कुणी विचारत नाही.

मिळालेली बक्षिसं :
शिस्तबद्ध संघाची ढाल, दोनदा.
दुसऱ्यांदा वेळेवर आलेला संघ आमचा एकटाच होता,
हे छापायचं की नाही, समितीनं ठरवावं.

मी स्वतः अकरा वर्षं गोलकीपर,
नंतर खजिनदार.
दोन्ही कामं एकच.
जे आत येतं ते थांबवता येत नाही,
जे बाहेर जातं त्याचा हिशेब द्यावा लागतो.

आता मुलींचाही संघ आहे.
गोलात श्रावस्ती गांगुर्डे, कचरूकाकांची पणती.
गेल्या रविवारी गंगापूर रोडच्या अकॅडमीनं
(त्यांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा एका रंगाच्या)
मध्यंतरापर्यंत सहा गोल चढवले.
पंच माझ्याकडे बघत होते,
आटोपतं घेता का, असं.
मी टॉवेल शोधत असल्यासारखं केलं.
श्रावस्ती खाली बसून लेस बांधत होती.
वर न बघताच म्हणाली,
"काका, खेळायचंय ना?"

निकाल आठ-एक.
तो एक कुणाचा, ते फोटोखाली दिलं आहे,
तिचं नाव नीट छापावं.

मुद्रितशोधकांना सूचना :
पहिल्या पानावर एकटाच पडलेला 'ना'
चुकून आलेला नाही.
काढू नये.