तारखांचं काम

विजयनगरला सहाव्या मजल्यावर
रात्री अकरा ते सात माझी ड्यूटी.
समोरच्या पडद्यावर एक अख्खं खंड
चौकटी-चौकटींत पसरलेलं:
तीसेक देश, तीसेक लीग,
आणि त्या सगळ्यांच्या वतीनं बोलणारी एक संघटना,
जिचं ऑफिस मी कधी पाहिलेलं नाही,
जिचे सरचिटणीस ईमेलच्या शेवटी
नुसतं आडनाव लिहितात.

बुधवार बुधवारावर आदळला की चौकट लाल होते.
ती सोडवायची, एवढंच माझं काम.
कुणाला जानेवारीत नवा चषक हवा,
कुणाला सुटीत दौरा,
आणि संघटना दर वेळी तेच कळवते,
सभ्य भाषेत, कलमं घालून:
आमच्या पोरांना पाय दोनच आहेत.
असं लिहीत नाहीत अर्थात. मी तसं वाचते.

झोकरकर सरांची लीग सात संघांची.
चिमणबाग मैदान, रविवार, दुपारी साडेतीन.
वेळापत्रक पंचांगाच्या समासात, पेन्सिलीनं;
पेनाशी भांडता येत नाही, म्हणायचे.
महूवाले टेम्पोतून यायचे, उभ्यानं.
रेल्वेवाले स्वतःचा बॉल आणायचे
आणि त्याच बॉलनं खेळायचे, नाहीतर नाहीच.
मिल मजूर संघाची मिल कधीच बंद पडलेली,
भोंगा तेवढा जर्सीवर उरलेला,
पोरं कुणी शेवेच्या कारखान्यात, कुणी कुरियरवर.

मी तेरा वर्षांची, अक्षर बरं म्हणून
गोल लिहायला बसवलेली.
एकदा विचारलं, सर, बाद फेरी का नाही ठेवत?
दोन रविवारांत आटपेल सगळं.
सायकल स्टँडला लावत म्हणाले,
बाद फेरीत हरला तो घरी जातो, बेटा.
लीगमध्ये हरलेल्याला
पुढच्या रविवारी यावंच लागतं.
ह्यासाठी तर हा सगळा खटाटोप.

तेव्हा मी त्याचं काही केलं नाही.
फक्त पाहिलं की नऊ-शून्यनं हरलेला मूसाखेडीचा संघ
पुढच्या रविवारी आला,
दहाच जण, आणि गोलकीपर
मोटारसायकलचे हातमोजे घालून.

सरांच्या वहीत एक रकाना होता: सामना का झाला नाही.
मैदानात सर्कस.
कप्तानाच्या बहिणीचं लग्न.
दोन्ही संघ हजर, चुन्याची पिशवी गैरहजर.
माझ्याकडे त्याच रकान्याला पाच आकडे आहेत:
एक बर्फ, दोन वादळ, तीन पोलीस अपुरे,
चार राष्ट्रीय शोक, पाच इतर.
अख्खी चिमणबाग पाचात जाते.

मग सहा संघ उरले. मग चार.
शेवटच्या रविवारी महूचा टेम्पो आलाच नाही.
पंधरा मिनिटं थांबायचं, मग तीन-शून्य द्यायचं,
हा नियम सरांनीच लिहिलेला.
पाच वाजेपर्यंत ते शिट्टी मुठीत धरून उभे होते.
मग माझ्याकडून वही घेतली,
तारीख खोडरबरानं पुसली,
आणि तिथे एक बाण काढला, पुढच्या पानाकडे.
पुढच्या पानावर काही नाही. वही अजून माझ्याकडे आहे.

आज दोन वाजता एका बेटावरून पत्र आलं.
सहा संघ होते, दोघांचे पैसे संपले,
यंदा लीग होणार नाही, क्षमस्व,
आमची रांग काढून टाकावी.
मी माऊस नेला तिथपर्यंत.
तेवढ्यात खाली दुसरा मजकूर, संघटनेचा, एकच ओळ:
रांग काढू नका. रिकामी ठेवा.
खाली आडनाव.

सिस्टीममध्ये बाण काढता येत नाही.
रिकाम्या चौकटींसाठी रंग मात्र निवडता येतो.
बराच वेळ शोधून
मला तो पेन्सिलीचा करडा सापडला.

सातला शाकिर आला, डबा ठेवत वाकून बघितलं,
ये लाइन किस की है, भिया, खाली है ना?
म्हटलं, रहने दे.