अक्षरामागे चार डॉलर

पासिच्निक. इंग्रजीत नऊ अक्षरं.
अक्षरामागे चार डॉलर धरले
तर विनिपेगमध्ये आजवर झालेल्या सगळ्या गोलकीपरांत
हा पोरगा मला सर्वांत जास्त परवडला.
गेल्या हिवाळ्यात त्याने सलग चार सामने
एकही गोल होऊ दिला नाही,
तेव्हा माझ्या मशीनपासूनची रांग फुटपाथवर गेली होती,
उणे एकतीसमध्ये,
आणि कोणी कुरकुरलं नव्हतं.

आता तीच माणसं. त्याच जर्सी.
"एवढं नाव काढून द्या," म्हणतात
माझ्याकडे न बघता.

न बघण्याचं कारण मला ठाऊक आहे.
सतराव्या वर्षी त्याने जे लिहिलं
ते माझ्याबद्दल होतं.
नाव घेऊन नाही. नाव त्याला कुठून माहीत असणार.
रिंक पुसणाऱ्या या फिलिपिनो बायका,
सगळ्या एकाच साच्यातल्या,
मासळीचा वास मारतात,
एक हरवली तर दुसरी उभी करा, कोणाला कळतंय.
खाली हसरी तोंडं, एकोणचाळीस.
मी मोजली. माझं पोटच मोजण्यावर आहे.

त्या वर्षी त्या रिंकवर आम्ही चौघी होतो.
रात्री अकरापासून.
टेरेसिटाच्या गुडघ्यात पाणी झालेलं,
ती बाकांखालचं च्युइंगम बसून खरवडायची
आणि पोरांच्या विसरलेल्या हातमोज्यांच्या
जोड्या लावून ठेवायची.
त्यात त्याचेही असतील.

मुलगा म्हणाला, आई, वाचू नकोस.
माझं वाचून झाल्यावर म्हणाला.

टीव्हीवर त्याने माफी मागितली.
कोणीतरी लिहून दिलेली,
एकसारखे टाके, मशीनचे.
'दुखावलं' या शब्दावर तेवढा अडखळला.
तो एक टाका हातचा वाटला मला.
किंवा माझा चष्मा कपाळावर होता.

उसवायला शिवण्यापेक्षा वेळ लागतो.
घाई केली तर कापड फाटतं.
अक्षर निघालं की खालचा निळा रंग
जसाच्या तसा, न विटलेला,
म्हणजे नाव काढलं तरी नाव वाचता येतं.
मी आधीच सांगते गिऱ्हाइकाला.
एक गृहस्थ म्हणाले, मग वरून पट्टी मारा.
जाताना दहाची नोट जास्त ठेवली आणि म्हणाले, सॉरी.
तुम्ही कशाला, म्हटलं.
नोट मात्र ठेवून घेतली.

एक गोष्ट मी मुलालाही सांगितलेली नाही.
इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात
सेलकर्क अ‍ॅव्हेन्यूच्या बसस्टॉपवर
एक मूळनिवासी म्हातारा झोपलेला असायचा.
त्याच्याबद्दल मी बहिणीला फोनवर काय काय सांगायचे!
त्याच्या वासाबद्दलसुद्धा.
ती तिकडे सेबूमध्ये खो-खो हसायची,
मिनिटाला पैसे पडत असूनही.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
माझ्या जिभेला तेव्हा दोराही नव्हता,
म्हणून कुठे काही शिवलेलं राहिलं नाही.
एवढाच फरक, असं मी म्हणत नाही.
मी चौतीस वर्षांची होते, तो सतराचा,
हेही आहेच. आणि तो म्हातारा
मार्चनंतर दिसला नाही.

बुधवारी शटर ओढायच्या वेळी एक बाई आल्या.
साठीच्या, शेताकडच्या, बुटांना गावचा चिखल गोठलेला.
पिशवीतून जर्सी काढली.
मी उसवणी उचलली.
"नाही," त्या म्हणाल्या. "शेवटचं अक्षर सुटलंय.
पक्कं करून द्या."
पावतीसाठी नाव विचारलं.
त्यांनी जर्सीवर बोट ठेवलं.

सुई टोचली नाही, हात थरथरला नाही,
असलं काही झालं नाही.
केचा पाय सुटला होता. मी दुहेरी टाका घातला.
चार डॉलर, म्हटलं.
त्यांनी पाच दिले.
मी एकाचं नाणं परत केलं,
त्यांनी ते घेतलं.

दारात थांबून त्यांनी जर्सी अंगात घातली
आणि वरून कोट,
सगळी बटणं, गळ्यापर्यंत.