दोन मिनिटं

वणी-घुग्घुस रोडवर, वजनकाट्याच्या थोडं पुढे
पिंपळशेंडेंचं वॉशिंग सेंटर.
एक रॅम्प, एक खड्डा, बोअरचं पाणी,
आणि रात्रभर कोळशाचे टिप्पर.

मालक म्हणाले, "गाडीमागं दहा मिनिटं.
पंप बंद का लाइटही बंद. हिशेब साफ.
लाइट जळत राह्यला का ड्रायव्हर
बिडी पेटवून बसूनच जाते."

जुनं पॅनल उघडलं.
आत पालीची दोन अंडी,
एका फेजला गुंडाळलेली सायकलची ट्यूब.
अंडी तशीच राहू दिली, वायर बदलली.

रिले काडेपेटीएवढा.
इस्तारीनं तळव्यावर घेऊन पाहिला,
"येवढ्याशाले पंपाचा लोड सोसते?"
म्हटलं, हा नुसता इशारा देतो,
ओझं उचलतो तो बाजूचा कॉन्टॅक्टर.
"म्हंजे हा मुकद्दम," तो म्हणाला
आणि परत देताना पँटीला पुसून दिला.

अंधारल्यावर ट्रायल घेतली.
दहा मिनिटं. टक्.
पंप थांबला, चारी फ्लडलाइट एकदम गेले,
आणि खड्ड्यात, टिप्परच्या पोटाखाली
इस्तारी होता.
पाइप पडल्याचा आवाज. मग त्याचा,
"भाऊ, मी अजून अंदरच हाव."
राग नव्हता त्यात.
न्हाणीला बाहेरून कडी लागल्यावर
माणूस बोलतो, तसा.

वर यायला चार पायऱ्या, तिसरी फुटकी.
चप्पल भिंतीशी. डोळ्यांत शॅम्पू आणि कोळसा.
त्याला किती वेळ लागला
ते मी मोजलं नाही, मोजायची लाज वाटली.

मग बॅटरी दातांत धरून
ठरल्यात नसलेली एक वायर ओढली.
पंपाची सुट्टी दहाव्या मिनिटाला,
उजेडाची बाराव्या,
मिरची कांडपाच्या कामातून उरलेला
एक टायमर होता थैलीत, त्याच्यावरून.

तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन,
"लाइट उशिरा काहून जाते?"
म्हटलं, रिलेची कॉइल आहे,
थंड व्हायला वेळ घेते.
"हो का," म्हणाले. पटलं.
आयटीआयच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही हसलं असतं.
बिलात लिहिलं: टायमर एक, रिले एक,
कॉन्टॅक्टर, सात मीटर वायर, मजुरी.
दुसरा टायमर लिहिला नाही.

आता रात्री तिकडून जाणं झालं
की गाडी आपोआप हळू होते.
पंपाचा आवाज तुटतो,
काळा ओघळ नालीकडे सरकत राहतो
आणि उजेड थांबलेला असतो.
कधी इस्तारी वरच्या पायरीवर बसून
पायाची बोटं पुसत असतो, एकेक.
कधी कोणीच नसतं.
रिकाम्या खड्ड्यावर उजेड
आपली दोन मिनिटं पुरी करतो,
मग टक्.